'पहिलं पाणी मोरीत नाही'

७. 'पहिलं पाणी मोरीत नाही' : कॅथलिक चर्चमधील वेदीची वस्त्रे धुण्याची ही जुनी रीत. मिस्सेच्या (मुख्य उपासनाविधीच्या) वेळी प्याला आणि तबक ज्या चौकोनी पांढऱ्या कापडावर ठेवतात ते कॉर्पोरल. प्याला पुसण्याचा रुमाल तो प्युरिफिकेटर. अर्पण झालेली भाकर व द्राक्षारस म्हणजे साक्षात ख्रिस्त, ही श्रद्धा. त्यामुळे कापडाला चिकटलेला कण वा थेंबही सांडपाण्यात जाऊ द्यायचा नसतो. म्हणून ही वस्त्रे आधी नुसत्या पाण्यात हाताने खळबळून घेतात. ते पाणी चर्चमधील थेट जमिनीत उतरणाऱ्या कुंडीत, नाहीतर योग्य जागा पाहून मातीत ओततात. मग साबण, कांजी, इस्त्री नेहमीसारखी. कॉर्पोरलची घडी मात्र आतल्या बाजूला, नऊ चौकोन पडतील अशी; कण सांडू नये हा हेतू. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे हे पहिले धुणे वरच्या श्रेणीच्या दीक्षितानेच करायचे असे. १९८३ च्या संहितेत ते बंधन उरले नाही. आज ठिकठिकाणी सामान्य भाविक हे काम विनामोबदला करतात. रोमच्या २००४ च्या सूचनापत्रानेही पहिल्या पाण्याची रीत स्तुत्य ठरवली आहे. सोवळ्याचे वेगळे धुणे पाहिलेल्या, बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्याच्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. पण तिथे प्रश्न स्पर्शाचा असतो, इथे कापडावरच्या कणाचा. — संपा.