रचना : एक उसना शब्द

कवितेच्या रचनेविषयी बोलताना आपण चित्रकलेचा दाखला सहज देतो. इतिहास पाहू गेल्यास ही उसनवारी उलट दिशेने झालेली आढळते.

लिओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने १४३५ मध्ये चित्रकलेवर लॅटिन ग्रंथ लिहिला. पृष्ठभागांतून अवयव, अवयवांतून देह आणि देहांतून कथाचित्र, अशी रचनेची श्रेणी त्याने त्यात मांडली. ही श्रेणी शब्द, पदबंध, उपवाक्य, वाक्य या वक्तृत्वशास्त्रातील श्रेणीवर बेतलेली आहे, हे मायकेल बॅक्सँडल यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. चित्राला अन्वय मिळाला तो भाषेकडून.

संगीतात योहानेस टिंक्टोरिस याने १४७७ मध्ये एक मार्मिक भेद केला. आयत्या वेळी गाणाऱ्यांपैकी प्रत्येकाने आधारस्वरावलीशी जुळवून घेतले तरी पुरे. लिहिलेल्या रचनेत मात्र प्रत्येक स्वरावली इतर सर्व स्वरावलींना बांधील असते.

तत्त्वविचारात हे सूत्र फार जुने आहे. ज्याच्या असण्यानसण्याने काहीच बिघडत नाही तो समग्राचा भागच नव्हे, असे ॲरिस्टॉटलने कथानकाविषयी म्हटले होते.

म्हणजे रचना ही घटकांची मोजदाद नव्हे. ती घटकांची परस्परबांधिलकी आहे. वर्गात मात्र छंद, यमक, प्रतिमा यांच्या सुट्या नोंदींनाच आपण रचनेचे विवेचन म्हणतो. त्यापेक्षा कवितेतील एक ओळ झाकून काय ढासळते, हे विद्यार्थ्यांना विचारणे आम्हांला अधिक शास्त्रशुद्ध वाटते.