चाळिशीनंतरचे अपत्य : एका उपचाराचा इतिहास

चाळिशीच्या उंबरठ्यावर किंवा ती ओलांडल्यावर अपत्यासाठी डॉक्टरांकडे जाणारी जोडपी आज आपल्या शहरांत दुर्मिळ नाहीत. शिक्षण, नोकरी, उशिरा झालेला विवाह, क्वचित दुसरा विवाह ही त्याची कारणे सर्वांस ठाऊक आहेत. त्यांची चर्चा आम्ही येथे करणार नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्याला आज आय. व्ही. एफ. म्हणतात तो उपचार मुळात कोणत्या अडचणीसाठी शोधला गेला, आणि चाळिशीतील स्त्री जी अडचण घेऊन त्याच्याकडे जाते, ती तीच आहे काय? याचे उत्तर इतिहासात आहे. ते न कळल्यामुळे पैसा, प्रकृती आणि मुख्यतः वेळ फुकट जातो, म्हणून हा विषय व्यासपीठावर आणणे आम्हांला अगत्याचे वाटते.

प्रथम तपासणीविषयी. आपल्या बोलीत 'वांझ' हा शब्द आहे, 'वांझोटी' आहे; पण निपुत्रिक पुरुषाला त्याच तिरस्काराने हाक मारणारा शब्द नाही. भाषेतील ही उणीव म्हणजे समाजाने दिलेला निकालच होय. वास्तविक पुरुषबीज सूक्ष्मदर्शकातून दिसले ते 1677 मध्ये, हॉलंडमध्ये लेव्हेनहूक याला. स्त्रीच्या गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे शस्त्रक्रियेवाचून, वायू सोडून पाहण्याची रीत न्यूयॉर्कच्या रुबिन यांनी दाखविली ती 1920 मध्ये. म्हणजे पुरुषाकडे पाहण्याचे साधन जवळजवळ अडीचशे वर्षे आधी हाती आले होते. तरी दोष मात्र बाईच्याच पदरी बांधला गेला! आज आपण जाणतो की, सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा काही ना काही वाटा असतो. वीर्यतपासणी स्वस्त आहे आणि वेदनारहित आहे. असे असूनही कित्येक घरांत ती सर्वांच्या शेवटी होते.

आता मूळ उपचाराकडे वळू. शरीराबाहेर मानवी स्त्रीबीजाचे फलन केल्याचा वृत्तान्त 1944 मध्ये अमेरिकेतील जॉन रॉक आणि मिरियम मेंकिन यांनी प्रसिद्ध केला. 1959 मध्ये चँग यांनी सशाच्या बाबतीत ही क्रिया पिले जन्मास येईपर्यंत नेली. 1969 मध्ये इंग्लंडात रॉबर्ट एडवर्ड्‌स व त्यांचे सहकारी यांनी मानवी फलनाचा भक्कम पुरावा मांडला. पण 1971 मध्ये तेथील वैद्यकीय संशोधन मंडळाने त्यांना पैसा नाकारला. एडवर्ड्‌स, शस्त्रवैद्य पॅट्रिक स्टेप्टो आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या जीन पर्डी या तिघांनी ओल्डहॅम येथे काम चालूच ठेवले. 25 जुलै 1978 रोजी लुईस ब्राउन जन्मली. तिच्या आईचे वय तेव्हा तिशीच्या आसपास होते आणि तिच्या गर्भनलिका बंद होत्या. हा तपशील श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. बीज होते, गर्भाशय होते. बंद होती ती मधली वाट. ती वाट काचेच्या पात्रातून वळवून नेली, इतकाच या शोधाचा मूळ अर्थ.

त्यानंतर अवघ्या सव्वादोन महिन्यांनी, 3 ऑक्टोबर 1978 रोजी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून 'दुर्गा' जन्मली. त्यांनी औषधे देऊन एकाहून अधिक बीजे वाढविली आणि गर्भ गोठवून ठेवून नंतर गर्भाशयात सोडला. पुढे जगभर रूढ झालेल्या याच वाटा होत. पण सरकारी समितीने त्यांचा दावा अमान्य केला, आणि मग नेत्रविषयक संस्थेत त्यांची बदली झाली. 19 जून 1981 रोजी त्यांनी आत्महत्या केली. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंदकुमार यांच्या परिश्रमाने 'हर्षा' जन्मली, आणि देशातील पहिलेपणाचा मान त्यांना मिळाला. पण आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांचे कागद स्वतः वाचले आणि हा मान कलकत्त्याच्या त्या दिवंगत डॉक्टरांचा आहे, असे 1997 मध्ये जाहीरपणे लिहिले. स्वतःचा मान स्वतःच्या हाताने दुसऱ्यास देणे ही गोष्ट विद्वानांच्या जगात सामान्य नव्हे.

आता वयाचा प्रश्न. स्त्री जन्मते तेव्हा तिच्या बीजांडकोशांत दहा ते वीस लाख बीजे असतात. नवी पुढे तयार होत नाहीत. ती घटत जातात, आणि उरलेल्यांत वयाबरोबर गुणसूत्रांच्या वाटणीतील चुका वाढतात. त्यामुळे गर्भ राहणे कठीण होते आणि राहिला तरी गर्भपाताचा धोका वाढतो. हे 1982 मधील एका फ्रेंच अभ्यासाने स्पष्ट केले. त्यातील 2,193 स्त्रियांच्या पतींच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते, म्हणून दात्याचे वीर्य वापरले होते. त्यामुळे पतीच्या वयाचा प्रश्न आपोआप बाजूस पडला. तरीही तिशीनंतर यश घटले, आणि पस्तिशीनंतर अधिकच. उलट 1990 मध्ये कॅलिफोर्नियातील डॉक्टरांनी दाखविले की, तरुण दात्रीचे बीज मिळाल्यास चाळिशी उलटलेल्या स्त्रीसही गर्भ राहतो. मुंबईत डॉ. हिंदुजा यांनी 1991 मध्ये बीजदानाने अपत्यजन्म घडवून आणला. निष्कर्ष उघड आहे : वय होते ते मुख्यतः बीजाचे, गर्भाशय पुष्कळ काळ साथ देते.

म्हणजे बंद वाटेवरचा उपाय आज सरत्या काळावर वापरला जात आहे. काच, औषधे आणि यंत्रे बीजाला तरुण करू शकत नाहीत. ए. एम. एच. ची रक्ततपासणी आणि सोनोग्राफीतील बीजपुटकांची मोजणी ही उरलेल्या बीजांच्या संख्येचा अंदाज देतात, गुणाचा नव्हे. त्रेचाळिशीनंतर स्वतःच्या बीजाने केलेल्या उपचारात, शंभर गर्भ सोडले असता जिवंत मुले जन्मतात ती दहाच्या आत, असे ब्रिटनमधील अनुभव सांगतो. हा आकडा ऐकून कोणी खचून जावे असा आमचा हेतू नाही. पण तो न सांगता कोणाकडून पैसे घेणे हा मात्र अन्याय आहे.

आपल्या देशात 2021 चा कायदा झाला. त्यानुसार उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय 50 च्या आत आणि पुरुषाचे 55 च्या आत असावे लागते. बीज देणारी स्त्री 23 ते 35 वर्षांची असावी आणि तिने आयुष्यात एकदाच दान करावे, असे बंधन आहे. केंद्राची नोंदणीही सक्तीची आहे.

या साऱ्यावरून चाळिशीतील जोडप्याने काय घ्यावे? तपासणी दोघांनी एकाच वेळी करावी, आणि ती वर्षभर लांबवू नये. डॉक्टरांना 'यश किती?' एवढेच न विचारता, 'आमच्या वयाला, आमच्याच बीजाने, जिवंत मूल होण्याचे प्रमाण किती?' असे विचारावे. किती प्रयत्नांनंतर थांबावयाचे हे आरंभीच ठरवावे. दात्रीचे बीज, दत्तक मूल किंवा अपत्याविना संसार, यांपैकी कोणताही निर्णय त्या दोघांचा आहे. सासर, माहेर आणि शेजार यांनी त्यात निकाल देण्याचे कारण नाही. आणि 'वांझ' हा शब्द आपल्या घरातून आपण स्वतःच काढून टाकावा. त्यासाठी ना प्रयोगशाळा लागते, ना कायदा.