गाडी दारात, कागद इराणात

स्वतःची गाडी घेऊन परदेशी जायचं ठरलं की माणसं आधी टायर बघतात. मी पडलो बँकेतला. मी आधी काउंटरफॉइल बघतो. आणि इतिहास माझ्या बाजूचा आहे.

युरोपात मोटारी सरहद्दी ओलांडू लागल्या तशा सरकारांना दोन शंका आल्या. हा गाडी धड चालवील ना? आणि इथंच विकून तर जाणार नाही?

पहिल्या शंकेवर ११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिसला करार झाला. गाडी आणि चालक, दोघांचा मिळून एकच दाखला, मुदत एक वर्ष. शिवाय गाडीच्या मागं ३० सेंटिमीटर रुंद, १८ उंच अशी लंबगोल पाटी, तीवर देशाचं अक्षर. १९२६ च्या करारानं हे एकत्र कुटुंब फुटलं. गाडीचा दाखला वेगळा, चालकाचा परवाना वेगळा. आपल्याकडे आरटीओतून मिळतो तो आंतरराष्ट्रीय परवाना याच घराण्यातला.

दुसरी शंका मात्र पैशाची, म्हणजे आमच्या खात्याची. परदेशी गाडी आली की तिच्यावर जकात आलीच. ती प्रत्येक नाक्यावर भरायची अन् बाहेर पडताना परत मागायची म्हटलं, तर सगळी रजा खिडकीसमोरच संपायची! तेव्हा मोटार क्लब मध्ये पडले. 'हा गाडी परत नेईल, नाही नेली तर जकात आम्ही भरू.' त्या हमीचं पुस्तक म्हणजे 'कार्ने द पासाज'. १९५४ च्या न्यूयॉर्क करारानं त्याचे नियम पक्के केले.

आपल्याकडे हे पुस्तक मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन देते. आता गंमत बघा. क्लब तुमची हमी घेणार, पण क्लबला हमी कोण देणार? बँक. आणि बँकेला? तुमची ठेव! गाडी हिंडायला जाते, पैसा घरी ओलीस राहतो.

पुस्तकाच्या प्रत्येक पानाचे तीन भाग. देशात शिरताना एक फाडतात, बाहेर पडताना दुसरा, आणि उरलेल्या काउंटरफॉइलवर दोन्ही वेळचे शिक्के. समजा, इराणातून निघताना शिक्का राहिला. गाडी तुमच्या दारात उभी आहे, शेजारची पोरं तिच्या धुळीवर नावं लिहिताहेत. कागदोपत्री ती अजून इराणातच! मग तिथली जकात तुमच्या ठेवीचा दरवाजा ठोठावू शकते.

तेव्हा टायर जरूर बघा. पण नाक्यावर घरची मंडळी 'चला हो' म्हणून कितीही ओरडली, तरी शिक्का उमटलाय का ते वाचूनच निघा. टायर फुटला तर स्टेपनी असते. शिक्क्याला स्टेपनी नाही.