डोमेनचा धनी कोण?

पेण-हमरापूरकडच्या गणपती कारखान्यांच्या कार्डांवर आता मोबाइल नंबराखाली वेबसाइटचंही नाव दिसतं. ते कसं मिळालं असं विचारलं, की ठरलेलं उत्तर येतं, "डॉट कॉम गेलेलं होतं, मग डॉट इन घेतलं." या 'घेतलं'पाशी जरा थांबू.

डोमेन हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमार्गे आला. त्याच्या मुळाशी लॅटिन 'डोमिनुस' आहे, म्हणजे धनी, आणि त्याच्याही मागे 'डोमुस', म्हणजे घर. हे घर आपल्या नात्यातलंच. वैदिक संस्कृतात घराला 'दम' म्हणत आणि घरधन्याला 'दंपती'. द्विवचनात नवरा-बायको दोघंही घरधनी ठरले आणि तोच अर्थ आपल्या लग्नपत्रिकांपर्यंत टिकला. 'नेम' आणि 'नाव' तर उघडच एका कुळातले. रेवदंड्याला 1740 पर्यंत ठाण मांडून बसलेल्या पोर्तुगिजांतले बडे लोक नावाआधी 'दों' लावत, तोही डोमिनुसचाच वंशज.

शब्दात अशी धनीपणाची ऐट आहे, व्यवहारात मात्र ती नाही. डॉट कॉम किंवा डॉट इन एका वेळी फार तर 10 वर्षांसाठी नोंदता येतं. पैसे भरायचे राहिले, की सवलतीची मुदत संपल्यावर नाव पुन्हा बाजारात. म्हणजे नाव भाड्याचंच. रायगड जिल्ह्याला, तेव्हाच्या कुलाब्याला, हे धनी-भाडेकरूचं नातं चांगलं ठाऊक होतं. खोत आणि कूळ. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून काही वर्षं शेतं पडीक ठेवून खोतांशी झुंज दिली. खोती कायद्याने गेली ती 1949 साली. डोमेनवाला नावाचा धनी असला, तरी हिशेबाने कूळच. आणि त्याच्यासाठी कूळकायदा काही झालेला नाही.

नाव वाचायचं कसं, हे मात्र कोकणातल्या माणसाला शिकवावं लागू नये. मु. पो. हमरापूर, ता. पेण, जि. रायगड. लहानाकडून मोठ्याकडे. संगणकशास्त्रज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 साली बसवलेली डोमेनची घडीही अशीच आहे. शोध घेणारं यंत्र शेवटाकडून सुरू करतं. 'रायगड डॉट गव्ह डॉट इन' घ्या. दोन अक्षरी शेपूट देशाचं, म्हणून 'इन' म्हणजे भारत. 'गव्ह डॉट इन' फक्त सरकारी कामाला मिळतं. मग रायगड. (छत्तीसगडच्या रायगढचंही असंच संकेतस्थळ आहे, रोमन स्पेलिंगमध्ये शेवटी d ऐवजी rh, एवढाच फरक!) सरकारी योजनेच्या नावाने आलेल्या लिंकमध्ये डावीकडे कितीही वेळा 'गव्ह' असलं आणि डोमेनचा शेवट भलताच असला, तर ती उघडू नये. 'कॉम' व्यापाराचं, 'ऑर्ग' संस्थांचं हे मूळचे भेद होते; आता दोन्ही कोणालाही मिळतात, त्यामुळे त्यांवरून पारख करण्यात अर्थ नाही.

आकड्यांची तऱ्हा उलटी. संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी 1972 साली देशाला पिनकोड दिला, त्यात मोठा प्रदेश आधी येतो. पेण 402107, रोहे 402109. फरक शेवटी पडतो.

2014 साली देवनागरीतलं 'डॉट भारत' आलं, मराठीही त्यात आहे. आतून यंत्र अजून त्याचं रोमन अक्षरांचं गाठोडं करूनच वाचतं, पण आपल्याला दिसतं ते नागरी. इथे एक गंमत आहे. स्टेशनच्या पाटीवर 'रोहा', बोलण्यात बऱ्याचदा 'रोहे'. माणसाला दोन्ही एकच गाव. यंत्राला दोन वेगळी नावं. 'रोहा डॉट भारत' नोंदवलं म्हणून 'रोहे डॉट भारत' आपोआप पदरात पडत नाही. दोन्ही हवी असतील, तर भाडंही दोनदा भरायचं.