परभणी जिल्ह्याच्या इतिहासाचे अध्यापन आणि मुक्त शैक्षणिक साधने

प्रस्तावना :
'मुक्त शैक्षणिक साधने' ही संज्ञा युनेस्कोने २००२ मध्ये भरविलेल्या बैठकीत स्वीकारली गेली. केवळ विनामूल्य वाचता येणारे साहित्य मुक्त ठरत नाही. भाषांतर, दुरुस्ती व पुनर्वितरणाची मुभाही असावी लागते. प्रस्तुत लेखात परभणी जिल्हा गॅझेटिअरच्या आधारे या भेदाचा विचार केला आहे.

विवेचन :
महाराष्ट्र शासनाचे हे इंग्रजी गॅझेटिअर १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. आज ते महाजालावर विनामूल्य वाचता येते. परंतु त्यातील जिल्हा आजचा नव्हे. १९८१ मध्ये परतूर तालुका जालना जिल्ह्यात गेला. १९९९ मध्ये हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे त्यातील लोकसंख्येची आजच्या आकड्यांशी थेट तुलना करणाऱ्या विद्यार्थ्याचे अनुमान चुकते. तळटिपांसह मराठी आवृत्ती हा त्यावरील उपाय होय. मात्र प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार शासकीय प्रकाशनाचा प्रताधिकार साठ वर्षे, म्हणजे येथे २०२७ अखेरपर्यंत टिकतो. तोवर असे भाषांतर प्रसिद्ध करण्यास शासनाची अनुमती आवश्यक ठरते. 'इंपिरियल गॅझेटिअर'चा हैदराबाद संस्थानावरील १९०९ चा खंड मात्र या बंधनातून मुक्त आहे. त्यात निजामाच्या राजवटीतील परभणी जिल्ह्याचे वर्णन आढळते.

निष्कर्ष :
म्हणून इतिहास विभागांनी आरंभ या जुन्या खंडापासून करावा. विद्यार्थ्यांच्या साहाय्याने परभणीविषयक मजकुराचे भाषांतर करून, वसाहतकालीन दृष्टिकोनाची चिकित्सा करणाऱ्या टिपांसह तो मुक्त परवान्याखाली उपलब्ध करावा. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला आपल्या जिल्ह्याचे मूळ साधन स्वतः तपासता आले, तरच त्या साधनाचे 'मुक्त' हे विशेषण सार्थ ठरेल.