हाडाच्या ढालीआड

जबड्यावांचून जगणारे मासे आज लॅम्प्री व हॅगफिश एवढेच उरले आहेत. त्यांच्या अंगांत हाड औषधालाहि सांपडावयाचें नाहीं. परंतु सुमारें ४१ कोटि वर्षांपूर्वीं अशाच बिनजबड्याच्या कित्येक माशांचें मस्तक भक्कम हाडाच्या ढालीनें झांकलेलें असे. स्कॉटलंडच्या तांबड्या वालुकाश्मांत सांपडलेल्या अशा माशास लुई अगासी यानें १८३५ सालीं ‘सेफॅलास्पिस’, म्हणजे ढालमस्तक, असें नांव दिलें. डोळे माथ्यावर, तोंड खालच्या अंगास. ढालीच्या आंत काय आहे, हें मात्र पुढें नव्वद वर्षें कोणास नीट सांगतां आलें नाहीं.

तें सांगितलें स्टॉकहोमच्या एरिक स्टेन्शियो यानें. उत्तर ध्रुवाकडील स्पिट्झबर्गेन बेटावरून आणलेल्या ढालमस्तकांत मेंदू कधींच नाहींसा झालेला होता. पण मेंदूची पोकळी आणि मज्जातंतूंच्या व रक्तवाहिन्यांच्या वाटा यांना आंतून हाडाचें पातळ अस्तर असल्यामुळें त्यांचे आकार दगडांत जसेच्या तसे राहिले होते. कांहीं ठिकाणीं त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं सुईनें दगड टोकरला. कांहीं मस्तकें मात्र सहाणेवर चंदन उगाळावें तशीं थराथरानें घांसून काढलीं. प्रत्येक वेळीं उघडा पडलेला छेद टिपावयाचा, आणि त्या त्या आकाराचे मेणाचे पत्रे एकावर एक रचून मस्तकाची मोठी प्रतिकृति उभारावयाची. काम पुरें होई तेव्हां मेणाचें मस्तक शिल्लक असे, दगडांतल्याचा भुगा झालेला असे. चाळीस कोटि वर्षें टिकलेली वस्तु अशी उगाळण्यास हात धजावणें सोपें नव्हे!

१९२७ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें हें सारें मांडलें. नाकपुडी एकच, तीहि माथ्यावर. कानांतील तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका मनुष्यास तीन, येथें दोन. लॅम्प्रीचीहि हीच तऱ्हा. तेव्हां हे तिचेच सगोत्र, असें त्यानें ठरविलें. ढालीच्या कडांकडे जाणाऱ्या रुंद वाटा वीज उत्पन्न करणाऱ्या अवयवांच्या, असाहि त्याचा तर्क होता.

हा तर्क आज फारसा कोणी धरीत नाहीं. सगोत्रतेचा निर्णयहि टिकला नाहीं. हाड व खांद्याजवळील परांची जोडी यांवरून हें कूळ जबडेवाल्या माशांच्या अधिक निकटचें मानण्यांत येतें. टिपलेले छेद मात्र खोटे ठरले नाहींत, आणि तेच अधिक मोलाचे होते.

२०११ सालीं याच माशांच्या चुलत कुळांतील ‘शूयू’ या चिनी ढालमस्तकाचें अंतरंग स्वित्झर्लंडमधील प्रखर क्ष-किरणांनीं पाहण्यांत आलें. बाहेरून नाकपुडी एकच, पण आंत नासाकोश दोन निघाले. आणि या वेळीं दगड घांसावा लागला नाहीं.