दोन थॉमस

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला की आपल्या तोंडी पहिले नाव येते ते फादर थॉमस स्टीफन्स यांचे. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या आपल्या मुलांना पाठ असतात, आणि 'क्रिस्तपुराण' हा शब्द उच्चारताना आपल्याला अभिमान वाटतो. परंतु स्टीफन्स ज्या वाटेने आपल्या किनाऱ्यावर आले, त्या वाटेवर निघताना त्यांच्या सोबतीला आणखी एक जण होता, याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. त्याचेही नाव थॉमसच. थॉमस पाउंड. तो हिंदुस्थानात कधी पोहोचला नाही. त्याच्या आयुष्याची सुमारे ३० वर्षे इंग्लंडच्या निरनिराळ्या तुरुंगांत सरली.

ख्रिस्तसभेच्या वाढीचा इतिहास लिहिताना आपण चर्चे मोजतो, बाप्तिस्मे मोजतो, शाळा मोजतो. मैत्रीची नोंद कोणत्याच धर्मग्रामाच्या वहीत नसते. म्हणूनच या दोन मित्रांची हकीगत सविस्तर सांगावीशी वाटते.

राणी एलिझाबेथ १५५८ साली गादीवर आली. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्यांनी इंग्लंडमध्ये पवित्र मिस्सा बेकायदा ठरला आणि रविवारी सरकारमान्य उपासनेला न जाणाऱ्याला दंड बसू लागला. १५७० मध्ये परमगुरुस्वामी पायस पाचवे यांनी राणीला बहिष्कृत केले. तेव्हापासून तर कॅथोलिक म्हणजे राजद्रोही, असाच समज राज्यकर्त्यांनी करून घेतला. ज्या देशात हजार वर्षे मिस्सा होत आला होता, तिथे तो आता दारे लावून, माळ्यावर, पहारा ठेवून करावा लागे.

पाउंड हा राणीच्या दरबारातला उमराव. दिसायला देखणा, नाचण्यात तरबेज. नाताळच्या दिवसांत दरबारी नृत्य करताना एकदा त्याचा तोल गेला आणि तो सर्वांदेखत पडला. राणीने त्याला बैलाची उपमा देऊन हिणवले, आणि त्या क्षणी दरबाराची सारी झगमग त्याला पोकळ वाटली, अशी कथा सांगतात. कथेत रंग भरलेला असेल. पण त्याने दरबार सोडला आणि तो प्रार्थनेच्या, दानधर्माच्या मार्गाला लागला, हे खरे आहे. याच काळात त्याची गाठ विल्टशायर परगण्यातील तरुण थॉमस स्टीफन्सशी पडली. एक उमराव, दुसरा व्यापाऱ्याचा मुलगा. कोणाला संशय येऊ नये म्हणून स्टीफन्सने नोकराचा वेष घेतला आणि मालक व चाकर अशा बतावणीने दोघे एकत्र वावरू लागले. बाहेरच्या जगाला दिसे तो हुकूम आणि हुकमाची तामिली. आत मात्र दोघांची एकच प्रार्थना चाले. पूर्वेकडच्या मिशनांतून येणारी येशूसंघीयांची पत्रे त्या काळी युरोपभर छापून वाचली जात. ती वाचून कित्येक तरुणांची मने पेटली होती. या दोघांनीही रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घ्यायचे ठरवले.

निघायची तयारी चालली असतानाच पाउंडला अटक झाली. स्टीफन्सपुढे दोनच मार्ग होते: मित्राजवळ राहावे, किंवा दोघांनी मिळून ठरवलेल्या वाटेने एकट्याने निघावे. ते निघाले. २० ऑक्टोबर १५७५ रोजी रोममध्ये त्यांनी येशूसंघात प्रवेश घेतला. आपण सुटलो आणि मित्र अडकला, ही जाणीव घेऊन जगणे सोपे नसते. स्टीफन्सनी त्या जाणिवेचे काय केले, हे इतिहासात नमूद आहे. १५७८ च्या नोव्हेंबर महिन्यात त्यांनी येशूसंघाच्या सर्वाधिकाऱ्यांना पाउंडची सारी हकीगत लिहून कळवली आणि त्याला तुरुंगात असतानाच संघात घ्यावे, अशी विनंती केली. १ डिसेंबर १५७८ रोजी सर्वाधिकारी फादर मर्क्युरियन यांनी पाउंडला पत्र लिहून तो संघाचा सभासद झाल्याचे कळवले. ज्याने आश्रमाचा उंबरठा ओलांडला नाही, तो कोठडीत बसून व्रतस्थांच्या कुटुंबात आला. त्यानंतर चार महिन्यांनी, ४ एप्रिल १५७९ रोजी, स्टीफन्स लिस्बनहून हिंदुस्थानच्या जहाजात चढले. युरोप सोडण्यापूर्वी त्यांनी मित्राचे काम मार्गी लावले होते.

पाउंडही तुरुंगात स्वस्थ बसून राहिला नाही. १५८० मध्ये फादर एडमंड कँपियन गुप्तपणे इंग्लंडात आले, तेव्हा आपल्या येण्याचा हेतू सांगणारे निवेदन त्यांनी त्याच्याकडे जपून ठेवायला दिले. पाउंडने ते वाचले आणि इतरांना दाखवले; हातोहात नकला होत ते देशभर गेले. कँपियनना १ डिसेंबर १५८१ रोजी फाशी झाली आणि १९७० मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. पाउंडच्या वाट्याला ना फाशी आली ना संतपद. त्याच्या वाट्याला आला तो केवळ दीर्घ काळ. रोज उठून तोच विश्वास पुन्हा धरायचा, हेही रक्तसाक्ष्याहून फार हलके काम नव्हे.

स्टीफन्सचे जहाज २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला पोहोचले. १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. वादळे, वाऱ्याअभावी खोळंबलेली जहाजे, खलाशांना होणारे हिरड्यांचे दुखणे, समुद्रपक्षी, मासे या सर्वांचे वर्णन त्यात आहे. पुढे त्यांची नेमणूक साष्टी प्रांतात झाली आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे ४० वर्षे, ते मुख्यतः गोव्यातच राहिले. इंग्लंड त्यांना पुन्हा दिसले नाही.

इथे इतिहासाच्या एका अवघड जागी आपण थांबले पाहिजे. स्टीफन्स ज्या ख्रिस्तसभेतून आले ती राजसत्तेच्या वरवंट्याखाली होती. ज्या ख्रिस्तसभेत ते आले तिच्या पाठीशी राजसत्ता उभी होती. इंग्लंडात मिस्सासाठी घरे धुंडाळली जात. साष्टीत पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी १५६० च्या दशकात देवळे पाडली होती. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालयही बसले होते. साष्टीची ख्रिस्तसभा वाढत होती हे खरे, पण त्या वाढीत श्रद्धा किती आणि दडपण किती, याची वाटणी आज कोणाला करता येणार नाही. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीला फादर रुदोल्फ आक्वाव्हिवा आणि त्यांचे चार येशूसंघीय साथी मारले गेले. हे स्टीफन्सचे सहकारी होते. त्यांच्याबरोबर काही स्थानिक ख्रिस्ती लोकही प्राणाला मुकले. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या गावकऱ्यांना बोलावून ठार केले. रक्तसाक्ष्यांचा सण पाळताना त्या गावकऱ्यांच्या विधवांचाही विचार आपल्या मनात यायला हवा. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. म्हणजे हा प्रश्न परक्याचा नाही, आपल्याच घरातला आहे.

अशा त्या प्रांतात स्टीफन्सनी काय केले? ते भाषा शिकले. कोकणी शिकले, तिचे व्याकरण लिहिले. मराठी शिकले आणि तिच्यात सुमारे ११,००० ओव्यांचे पुराण रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. देशी अक्षरांचे ठसे मिळावेत म्हणून त्यांनी १६०८ मध्येच वरिष्ठांना लिहिले होते. तो योग आला नाही.

या पुराणाची मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. चर्चमध्ये पाद्रीगुरू बोलत आहेत, नुकताच बाप्तिस्मा घेतलेले लोक ऐकत आहेत आणि मधूनमधून प्रश्न विचारीत आहेत. आरंभीच एक ब्राह्मण श्रोता तक्रार मांडतो: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत; मग त्यांच्या जागी आम्ही वाचायचे काय? हा प्रश्न बोचरा आहे. आपल्याकडून काही तरी हिरावून घेतले गेले आहे, असे तो तोंडावर सांगतो. स्टीफन्सनी तो प्रश्न दडपला नाही. आपल्या ग्रंथाच्या दारातच मांडला आणि त्याला उत्तर म्हणून सारा ग्रंथ रचला. ओवी त्यांची, पुराण हा शब्द त्यांचा, ऐकण्याची रीतही त्यांचीच. सत्ता आज्ञा करते. मित्र आधी ऐकून घेतो. सत्तेच्या छायेत उभे राहूनही ऐकून घेणे शक्य होते, हे या ग्रंथाने दाखवले आहे. ज्याने तारुण्यात मित्रासाठी चाकराचा वेष घेतला होता, त्याने उतारवयात परक्या लोकांच्या भाषेची चाकरी केली, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

पुढची कथा अधिक बोलकी आहे. १६८४ मध्ये गोव्याच्या विसरेईने देशी भाषांच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. छापलेल्या क्रिस्तपुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. उरल्या त्या कुटुंबांनी हाताने लिहून ठेवलेल्या पोथ्या. गोव्यातून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी त्या बरोबर नेल्या, आणि अशाच पोथ्यांवरून १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला. वसईतही १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या विजयानंतर पोर्तुगीज सत्ता गेली, परदेशी धर्मगुरू गेले. देशी धर्मगुरू आणि घराघरांतली प्रार्थना मात्र राहिली. सत्तेने जे वाढवले त्यातले बरेच सत्तेबरोबर गेले. माणसांनी एकमेकांना जे दिले, ते टिकले.

आज आपली ख्रिस्तसभा पुन्हा वाढते आहे, पण वेगळ्या प्रकारे. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. वाड्यांच्या जागी इमारती उठल्या. कोणी मंगळूरहून, कोणी केरळातून, कोणी मुंबईच्या चाळींतून येऊन आपल्या शेजारी राहू लागले. रविवारी चर्च भरते, बाके पुरत नाहीत, आणि एकाच बाकावर वर्षानुवर्षे बसणाऱ्या दोन कुटुंबांना एकमेकांची नावे ठाऊक नसतात. शांतीचे अभिवादन करून आपण लगेच समोर पाहतो. पूर्वी वाडीतल्या क्रुसापाशी रोझरीला जमणाऱ्यांना कोणाच्या घरी कोण आजारी आहे, हे विचारावे लागत नसे. आज ते विचारावे लागते. आणि विचारण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही.

आम्हांला वाटते, या दोन थॉमसांकडून एवढे तरी शिकावे. पाउंडला जाता आले नाही आणि स्टीफन्सना थांबता आले नाही. तरी एकाने दुसऱ्याला मागे टाकले नाही. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात एखादा पाउंड असतो. आजारपणाने, म्हातारपणाने, अबोल्याने किंवा गरिबीने तो घरात कोंडलेला असतो, आणि वाढीच्या आकड्यांत त्याची गणती होत नाही. त्याचे नाव घेऊन कोणी तरी बोलले पाहिजे, त्याच्या दारी गेले पाहिजे. आणि आपल्यात नव्याने आलेल्या कुटुंबाला आपली रीत शिकवण्याआधी त्यांची रीत विचारली पाहिजे. त्यांचा प्रश्न बोचरा असला, तरी तो ऐकून घेतला पाहिजे. क्रिस्तपुराणाची सुरुवात अशाच एका प्रश्नाने झाली होती.